आर्न्टच्या शेडचं माप

हेग्रा, २४ सप्टेंबर १९६१

ती. गुनवोरताईस,
आर्न्टचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. मोजे तुझ्या भावजयीनं घातले. ते माझ्यासाठी होते हे मारितला सांगून पाहिलं, पण माझ्या पायांना लोकर टोचते असं तिनंच ठरवून टाकलं. बटाटे काढून झाले. जवही चांगले आलेत.

तुला एक विचारायचं होतं. घरामागे, विहिरीच्या अलीकडे बिअरसाठी शेड बांधायचं म्हणतो. बिअरसाठी जव मोडवून वाळवायचं, ओढ्याकाठचं आपल्या तिन्ही शेजारघरांचं माल्टघर मार्चमध्ये जळालं, आणि शेड झालं नाही तर येत्या नाताळला टेबलावर दुकानातली बिअर येणार. बाबा असते तर जेवणावरून उठले असते. माप असं धरलंय: दोन मीटर रुंद, तीन लांब, छत माझ्या डोक्यावर वीतभर. एका कोपऱ्यात जवांना मोड आणायचे, मधे विस्तव, त्यावर जव वाळवायला भोकांच्या फळ्या आणि दाराशी कढई. एका माणसापुरतं. तू शाळेत गणित शिकवतेस, तेव्हा हिशेब तपासून कळव.

मारितचा नमस्कार. तुझी माया आहे तशी असू दे.
तुझा आर्न्ट

बोडो, २ ऑक्टोबर १९६१

चि. आर्न्टस,
गुनवोरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हिशेब तपासला. पन्नास किलो जव भिजवून चार बोटं जाडीनं पसरलेस तर दीड चौरस मीटर जागा जाते. तेवढीच फळ्यांना. कढईला एक मीटर, लाकडांना अर्धा. राहिलेल्या जागेत तू उभा राहशील, पण वाकता येणार नाही, आणि जव उलटायचं फावडं फिरवायला भिंतीला खिडकी पाडावी लागेल. मोजे मारितलाच असू देत. पुढच्या वेळी तुला सुती पाठवीन.

चेष्टा पुरे. एका माणसापुरतं कशाला? आपल्याकडे तिघांपेक्षा कमी माणसांनी कधी माल्ट केलेलं मला आठवत नाही. तिसऱ्या घरचे गाव सोडून गेले हे कळलं. पण सिव्हर्ट तर शेजारीच आहे, आणि ते जुनं माल्टघर त्यानंच उभं केलं होतं. तो काय म्हणतो? जवांची पोती ओढून काढताना त्याचे हात भाजले, एवढं तू मार्चमध्ये लिहिलंस. त्यानंतर तुझ्या एकाही पत्रात त्याचं नाव नाही.

इकडे डोंगरमाथ्यावर बर्फ दिसू लागलंय. उत्तर लवकर लिही.
तुझी ताई

हेग्रा, ११ ऑक्टोबर १९६१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रुंदी अडीच मीटर केली. फावडं फिरेल आता.

तू सिव्हर्टचं विचारलंस. हे पत्र तीन दिवस अर्धवट टेबलावर पडून आहे. मारित त्याच्याभोवतीनं ताटल्या मांडते.

मार्चमध्ये मी तुला खोटं लिहिलं होतं. दुपारी दोनची गोष्ट. विस्तवाची पाळी माझी होती. मारित धावत आली, गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. मी तसाच गोठ्यात गेलो. सिव्हर्टचं घर दोनशे पावलांवर, तरी त्याला हाक मारली नाही. पाच मिनिटांत येतो असं वाटलं, लागला पाऊण तास. फळ्यांनी पेट घेतला. सिव्हर्ट धुरात शिरला तो पोत्यांसाठी नव्हे. मी आत आहे असं त्याला वाटलं. जळत्या फळ्या तो हातांनी उपसत होता. मी गोठ्यातून बाहेर आलो तेव्हा लोकांनी त्याला ओढ्यात बसवलं होतं, आणि हात पाण्यात बुडवून तो माझंच नाव घेत होता.

आता त्याची बोटं मिटत नाहीत. सुतारकी गेली. पोती वाचवायला गेला असं लोकांनी धरलं, मी ते तसंच राहू दिलं. त्यानंही कुणाला खरं सांगितलेलं नाही. दुधाचे कॅन घेऊन मी रोज खालच्या रस्त्यानं जातो. लांब पडतो, पण त्याचं दार वाटेत येत नाही.

म्हणून शेड माझ्या एकट्यापुरतं. पुन्हा जळलं तर माझंच जळेल.

मनात काही आलं असेल तर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.
आर्न्ट

बोडो, १७ ऑक्टोबर १९६१

चि. आर्न्टस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सकाळी वाचलं, शाळेत गेले, आल्यावर पुन्हा वाचलं.

गाय अडली म्हणून तू गेलास, त्याबद्दल मी बोट दाखवणार नाही. विस्तव कुणाच्या हवाली न करता गेलास, ही चूक मात्र तुझी, आणि ती लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण सात महिने तू त्याचं दार चुकवलंस, हे मला जास्त लागलं. त्या माणसाला त्याच्या बायकोनं, ओलाउगनं, रोज शर्टाची बटणं लावून द्यायची आणि तुला त्याच्या दारावरून जायचीही लाज वाटावी? त्यानं काय समजायचं?

शेडचं माप मला विचारू नकोस. मला गुणाकार येतो, शेड बांधता येत नाही. कागद घे आणि त्याच्याकडे जा. दिवसाउजेडी, वरच्या रस्त्यानं जा. केकबिक नेऊ नकोस.

मारितला जवळ घेतल्याचं सांग. मी तुझीच आहे, हे रागावलेल्या अक्षरातही वाच.
ताई

हेग्रा, २९ ऑक्टोबर १९६१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी गेलो. ओलाउगनं दार उघडलं, कॉफी ठेवली आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. सिव्हर्ट कप दोन्ही तळव्यांत धरून पितो. ते पाहून मी ठरवून नेलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की विस्तव सोडून मी अडलेल्या गाईकडे गेलो होतो, तुला हाक मारली नाही, आणि तू माझ्यासाठी आत गेलास हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मग त्यानं विचारलं, वासरू जगलं का?

ताई, एवढंसुद्धा मी त्याला सांगितलं नव्हतं. जगलं, म्हणालो. त्यानं मान हलवली. माझ्यावर राग आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही, असंही त्यानं शांतपणे सांगितलं. तू मार्चमध्येच यायला हवं होतंस, म्हणाला.

मग कागद उलगडायला लावला. फळ्या विस्तवाच्या फार जवळ आहेत, छत बुटकं आहे, हे पहिल्याच वर्षी पेटेल, म्हणाला. एका माणसापुरतं आहे, असं मी म्हटल्यावर त्यानं कप खाली ठेवला.

“गाय अडली तर तू पुन्हा जाशील, आर्न्ट. जायलाच हवं. मग विस्तवापाशी कोण बसणार? दोघांची जागा धर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः आला. खुंटी त्याला धरता येत नाही. तो पायानं जागा दाखवत गेला, मी ठोकत गेलो. विहिरीजवळची माझी जागा त्यानं मोडीत काढली आणि शेड वाऱ्याच्या आडोशाला नेलं. चार मीटर बाय पाच, छत साडेतीन मीटरवर. जमीन गोठायच्या आत पाया घालायचाय. नाताळला दुकानातलीच बिअर प्यावी लागेल, पण बर्फ वितळल्यावर पहिले जव भिजवू. त्यातली दोन पोती त्याची. विस्तवाच्या पहिल्या पाळीला तो बसणार आहे, दुसरी माझी.

तो गेल्यावर मी घरात येऊन बसलो. मारित म्हणते, जेवण वाढलं तरी मी टोपी काढली नव्हती.

तिकडे थंडी वाढली असेल, जप. तुझं लक्ष आमच्यावर असंच राहू दे.
तुझा आर्न्ट