बाळकृष्णाच्या नैवेद्याचा अर्धा तास

योकोहामा,
सोमवार, दि. १४ नोव्हेंबर १९९४

प्रति,
मा. मुख्य प्रशासन अधिकारी,
प्रभातमंगल सूत निर्यात कंपनी,
मुख्य कार्यालय, फोर्ट, मुंबई.

विषय : तान्ह्या मुलीला अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा तास मिळण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : आपल्या कँटीन विभागाचे पत्र. त्यात 'योकोहामा शाखेस कँटीन नसल्याने दुधाची मागणी मान्य करता येत नाही' असे कळवले आहे.

महोदय,

१. अर्जदार सौ. संपदा प्रसन्न खांबेटे ही योकोहामा शाखेत टंकलेखन व पत्रव्यवहार सांभाळते. आधीचे दोन अर्ज तिने इंग्रजीत केले होते. ते कँटीनपर्यंत पोचले. म्हणून हा मराठीत.

२. अर्जदाराची मुलगी नुपूर पाच महिन्यांची आहे. शाखेच्या मागल्याच गल्लीत नगरपालिकेचे पाळणाघर आहे, तिथे ती दिवसभर असते. बाटली तोंडाला लागू देत नाही. पाळणाघराच्या होसोदा-सान यांनी निपल बदलून पाहिले, चमचा झाला, वाटी झाली, कडेवर घेऊन गाणी झाली. संध्याकाळी अर्जदार पोचते तेव्हा पोरीचा आवाज रडून बसलेला असतो. मागच्या महिन्यात वजन वाढले नाही, या महिन्यात उतरले. होसोदा-सान भिडस्त बाई. तरी परवा मान लववून म्हणाल्याच, आईला मधे येता येत नसेल तर बाळाला घरी ठेवलेले बरे. म्हणजे नोकरी सोडा. अर्जदाराला नोकरी सोडायची नाही आणि पोरही वाळवायचे नाही. इथल्या कामगार कायद्याने वर्षाच्या आतल्या बाळाच्या आईला दिवसातून दोनदा अर्धा तास दिलेला आहे. हेही तिला होसोदा-सान यांच्याकडूनच कळले. शाखेला ते ठाऊक होते की नव्हते, यातले कमी लाजिरवाणे कोणते ते आपणच ठरवावे.

३. हा कायदा अर्जदाराने शाखा व्यवस्थापक श्री. गुणवंत कारखानीस यांच्यापुढे ठेवला. साहेब म्हणाले, "संपदाबाई, आपण जपानात असलो तरी कंपनी मुंबईची आहे हो." जपानी सणांना शाखा बंद असते तेव्हा कंपनी कुठली असते, हे अर्जदाराने विचारले नाही, तिला चढ्या आवाजात बोलायची सवय नाही. पुरुष मंडळी कामातून उठून खाली जातात, सिगारेट ओढतात, गप्पा छाटतात, वर येतात. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागल्याचे ऐकिवात नाही. तल्लफ ही कार्यालयीन गरज आणि भूक ही घरगुती बाब, असा काही नियम असल्यास त्याची प्रत मिळावी.

४. अर्जदार सोमवार करते, चतुर्थी चंद्रोदयाला सोडते आणि घरच्या देवांचे झाल्याशिवाय पाणी घेत नाही. हे तिचे खासगी. परंतु साहेबांनी तेच पुढे केले. म्हणाले, "तुम्ही चंद्र दिसेपर्यंत उपाशी राहता की नाही? मग मुलीलाही आतापासून वळण लावा. संस्कार होतील." मंडळी हसली. महोदय, उपास आपला आपण धरायचा असतो. दुसऱ्याला धरायला लावला की त्याला उपासमार म्हणतात, आणि तिचे पुण्य कुठल्याही पोथीत दिलेले नाही.

५. आता मुख्य गोष्ट. कंपनीचे संस्थापक कै. बाळासाहेब यांनी शाखा उघडताना चांदीचा बाळकृष्ण पाळण्यासकट पाठवला. तो साहेबांच्या केबिनमध्ये असतो. गिऱ्हाईक आले की आधी त्याला झोका देते. त्याला सकाळी अकराला आणि दुपारी चारला दूधसाखरेचा नैवेद्य दाखवावा आणि त्यासाठी कार्यालयीन वेळेतून प्रत्येकी अर्धा तास द्यावा, असा आपल्याच कचेरीचा आदेश आहे. अर्जदार नेमधर्माची म्हणून हे काम तिच्याकडे आले. बाळंतपणाची रजा सोडली तर चार वर्षांत तिने ते एकदाही चुकवले नाही. देवाविषयी तिची तक्रार नाही. परंतु अकराला ती सोवळे नेसून देवापुढे दुधाची वाटी धरते, त्याच वेळी मागल्या गल्लीत नुपूर भुकेने रडत असते. आई ती आई. पान्हा फुटतो, सोवळ्याचा पदर भिजतो. गेल्या गुरुवारी साहेबांनी ते पाहिले आणि तोंड फिरवून म्हणाले, "बाई, देवापुढे जरा नीटनेटकं असावं." देव काही म्हणाला नाही. आणि त्या दुधाचे पुढे काय होते, तेही आपल्या माहितीस असावे. देव दृष्टीने घेतो. उरलेले साहेब चहात घेतात.

६. पहिल्या अर्जावर आपण 'बाळ भुकेले असल्याचा दाखला' मागवला. तो कोणी द्यायचा हे लिहिले नव्हते, म्हणून अर्जदाराने नुपूरकडेच मागितला. तिने तो लगेच, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असा दिला. दुसऱ्या अर्जावर 'सदर मूल कर्मचारी आहे, की कर्मचाऱ्याचा पाहुणा, याचा खुलासा करावा' अशी विचारणा झाली आणि पाठोपाठ कँटीनचे पत्र आले. चांदीच्या बाळाची भूक घड्याळ लावून मान्य करणारी कचेरी रक्तामांसाच्या बाळापुढे एवढी गोंधळावी, याचे अर्जदाराला आता आश्चर्य वाटेनासे झाले आहे. चांदीचे बाळ रडत नाही आणि केबिनला शोभा आणते.

७. तरी आपल्या माहितीस्तव की, उद्यापासून अर्जदार ऑफिस उघडण्याआधी येऊन, स्वतःच्या वेळात, बाळकृष्णाची पूजा करील. तिच्या नेमात खंड नाही. अकरा आणि चार वाजता मात्र ती मागल्या गल्लीत असेल. त्या वेळचा नैवेद्य साहेबांनी दाखवावा. प्रसाद तसाही तेच घेतात. देवाला कौल लावलेला नाही. ज्याने गोकुळातले लोणी चोरून पोरासोरांच्या तोंडी घातले, त्याला हे काय विचारायचे? त्याची हरकत नाही. आपली असल्यास लेखी कळवावी. मागचे उत्तर यायला दोन महिने लागले. यालाही तेवढेच लागले, तर तोवर नुपूरचे उष्टावण होऊन गेलेले असेल. त्याचे आमंत्रण आपणांस आणि कँटीन विभागास आत्ताच देऊन ठेवते.

उत्तरासाठी न थांबणारी, तरीही आपली नम्र,

(सौ. संपदा प्रसन्न खांबेटे)

सोबत :
१. होसोदा-सान यांची चिठ्ठी. जपानी न आल्यास वजनाचे आकडे वाचावेत. ते सगळीकडे सारखेच असतात.
२. नैवेद्याची चांदीची वाटी पाठवलेली नाही. घासूनपुसून श्री. कारखानीस यांच्या टेबलावर ठेवली आहे. दूध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.