रायफलीची सुई

राजाघाट, काशी
७ मार्च १९१०

तीर्थरूप दादांच्या चरणी बकुळचा नमस्कार.

इकडे सारे खुशाल आहेत. आईचा दमा कसा आहे?

यांनी सशा-तितरांसाठी स्वतः छोटी रायफल घडवली आहे, दांडी ओढून काडतूस भरायची. पण दांडी पुरती बंद होण्याआधीच घोडा पडतो. तुमच्या कारखान्यात असंच काडतूस मागे फुटून काकांचा डोळा गेला होता.

काल मी तसं सांगितलं, तर हे हसून म्हणाले, "तुला काय समजतं? उद्या रामनगरच्या रानात बार काढणार."

मला फार भीती वाटली. घोडा ज्या सुईवर आपटतो, ती मी काढून घेतली. सकाळपासून हे घरभर शोधताहेत, आणि मधूनच माझ्याकडे बघतात.

सुई याच पाकिटात आहे. टपालाने परत पाठवू नका, तुम्हीच घेऊन या.

तुमची लेक,
बकुळ