आठ ठोके

४ मे
आले एकदाची. खोली झकास आहे. मोठी खिडकी, लोखंडी खाट, टेबल आणि माझ्याहून उंच कपाट. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं हे वसतिगृह साथ आहे तोवर आम्हा थॅलेसेमियावाल्यांना दिलंय. आम्हाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यासाठी भरल्या इस्पितळात जाऊन साथ अंगावर घ्यायला नको, म्हणून सगळ्यांना इथेच आणून ठेवलं. खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. माझी काही तक्रार नाही. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते, चार भिंती आणि एक लाल पेन एवढ्यावर माझा संसार सुखाने चालतो.

आईचा फोन आला. आमच्याकडूनच आला गं हा आजार तुझ्यात, म्हणून नेहमीसारखी रडली. मी म्हटलं, हे नाकही तुमच्याकडूनच आलंय, त्याचं कोणी रडत नाही. हसली बिचारी.

७ मे
इथली पद्धत आता अंगवळणी पडली. सकाळी आठला बोटाला सुई टोचायची, थेंब छोट्या यंत्रात घालायचा, हिमोग्लोबिनचा आकडा चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवायचा. पांढऱ्या पोशाखातली सिस्टर चिठ्ठ्या गोळा करते. तिचे डोळेच तेवढे दिसतात. रक्त द्यायला कोणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे पिशव्यांचा दुष्काळ आहे. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याला पिशवी आधी. प्रयोगशाळेतली निम्मी माणसं आजारी पडलीत, रक्त जुळतंय का एवढंच ते बघतात. आकड्याचं सगळं आमच्या शब्दावर.

शेजारच्या खोलीत शिवणाच्या वर्गाच्या बाई आहेत. मी त्यांना शिवणताई म्हणते. खिडकीतून तोंड बाहेर काढून गप्पा मारतो. पंचेचाळिशी गाठलेली आमच्यातली बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. रक्तगट आमचा एकच, तोही दुर्मीळ. त्या म्हणाल्या, म्हणजे आपण एका ताटातल्या.

१२ मे
शिवणताईंनी खेळ काढलाय. शिवताना बोटात घालायची धातूची टोपी असते ना, ती त्या भिंतीवर वाजवतात. सकाळी यंत्रात जो आकडा येईल तेवढे ठोके, अपूर्णांक सोडून द्यायचा. मग मी पेनाने माझे ठोकते. आज त्यांचे सात, माझे नऊ. लगेच खिडकीतून टोमणा आला, की मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना बसून खायची सवय दिसते.

या ठोक्यांसाठी मी आता आठच्या आधीच उठून बसते.

१७ मे
आमच्या गटाची एकच पिशवी आलीय. उद्याचे आकडे बघून देणार. पुढची कधी येईल ते सिस्टरलाही ठाऊक नाही. दिवसभर दादा डोळ्यांसमोर होता. त्यालाही हाच आजार. साडेसहावर असताना गेला. त्याची पिशवी दुसऱ्या दिवशी येणार होती.

कामात तीन चुका राहिल्या. माझ्या हातून तीन.

१८ मे
यंत्रात साडेआठ आले. सवयीने भिंतीवर आठ ठोकले. पलीकडून सहा आले, सावकाश.

मग चिठ्ठी घेतली. ८.५ लिहायचं होतं, ५.८ लिहिलं. विचार करून लिहिलं. कोणी पकडलंच तर घाईत अंक उलटे पडले म्हणायचं. असली चूक मी लोकांची रोज पकडते.

दुपारी पिशवी माझ्या हाताला लागली. थेंब मोजत पडून राहिले. लाज वाटली. पण खोटं कशाला लिहू, लाजेपेक्षा जिवाला बरं जास्त वाटलं.

१९ मे
पलीकडून पाच. मी काहीच ठोकलं नाही. पेन उचललं आणि तेव्हा लक्षात आलं, काल मी त्यांना आठ ठोकून दाखवले होते.

सिस्टरकडे आडून चौकशी केली. ती म्हणाली, शेजारच्या ताईंनी तुमचा आकडा विचारला होता. पाच सांगितल्यावर, नक्की पाचच ना, असं पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, असू दे, तिला द्या आधी, लहान आहे.

२१ मे
चार. मधे थांबून थांबून. त्यांची धाप भिंतीतून ऐकू येते. खरं काय ते लिहून दोनदा चिठ्ठी केली. दोनदा फाडली. सांगून आता पिशवी थोडीच परत निघणार होती, असं मनाला समजावलं. मन ऐकत नाही.

२२ मे
दुपारी त्यांना मोठ्या इस्पितळात हलवलं. चाकांचा आवाज माझ्या दारापाशी जरा थांबल्यासारखा वाटला. मी खिडकीशी गेले नाही.

२४ मे
गेल्या. त्याच दिवशी, गाडीतच. मी सिस्टरला म्हटलं, अरेरे.

२५ मे
आठ वाजता. तीन ठोके. धातूचे.

सिस्टर म्हणते खोली बंद आहे, किल्ली तिच्याच खिशात आहे. नळ वाजत असेल. नळ नाही तो. नळ तीनवर थांबत नाही.

२६ मे
दोन. माझ्या यंत्रातही दोन. सिस्टर म्हणाली, दोन असते तर तुम्ही उभ्या राहिला नसता. दुसरं यंत्र दिलं. त्यातही दोनच —

आईचा फोन उचलला नाही. ती माफी मागेल. मी कोणाची मागू?

२७ मे
एक.

चिठ्ठी सरकवली. सगळं लिहिलं, साडेआठ होते, मी उलटे केले. सिस्टरने बाहेर उभ्या उभ्या वाचली. म्हणाली, हल्ली बरेच जण कमी लिहितात, मनाला लावून घेऊ नका. मग पुढच्या दाराकडे गेली. दोन शब्द बोलली असती तर — रागावली असती तर —

२८ मे
आठ वाजून गेले. भिंत गप्प आहे. सव्वाआठ. तरीही काही नाही. सुटले बहुतेक. बोट टोचलं, रक्त येत नाही. दुसरं टोचलं. तेही —

आवाज. भिंतीतून नाही. मी टेबलापाशी आहे, खाट पाठीमागे. खाटेच्या दांड्यावर, उशाशी. धातूवर धातू.

एक. दोन. त्यांचे तर संपले होते. मग हे — हे माझे —

तीन. चार.

पाच. बस्स, ताई, पाचवर थांबा. मी तेवढेच लिहिले होते, थांबा ना —

सहा —

सात —