वाऱ्याकडे पाठ

४ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून वादळांचा पद्धतशीर अभ्यास. मेहुणा याच बोटीवर चीफ ऑफिसर. कंपनीने तो माझ्या हाताखाली दिलाय की डोक्यावर बसवलाय, कळत नाही. म्हणतो, समोर वादळ तयार होतंय, बंदरातच थांबू. सिमेंट वेळेत पोचवायचंय. कप्तान मी आहे. निघालो.

५ ऑक्टोबर
बॅरोमीटर उतरतोय. बिघडला असावा. टिचकी मारली, आणखी उतरला. बायकोचा फोन. वादळ तुमच्याच दिशेने येतंय म्हणे. तिला समजावलं की ही वादळं उत्तरेला वळतात, पुस्तकात आहे. तिने विचारलं, वादळाने वाचलंय का ते पुस्तक? भाऊ-बहीण एकाच माळेचे मणी.

६ ऑक्टोबर, दुपार
वारा चढला. जेवणाऐवजी बिस्किटं. नियम सोपा आहे: आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, वादळाचं केंद्र उजव्या हाताला. चष्म्यावर पाणी उडत होतं म्हणून पाठ करून उभा राहिलो. हात तेच, काय फरक पडतो? केंद्रापासून लांब जायचं म्हणून बोट डावीकडे घ्यायला लावली. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, केंद्र डावीकडेच आहे. त्याला गप्प केलं.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
अक्षर माझंच, टेबल हलतंय. लाटा सुकाणूच्या केबिनच्या काचांवर. स्वयंपाकी पडला, हात मोडला. नोंद असावी: मी घाबरलो नव्हतो. उलट्या होत होत्या, ती गोष्ट वेगळी. मेहुण्याला हाक मारून बोट त्याच्या ताब्यात दिली. कामं वाटून देणं हे नेतृत्वाचं लक्षण.

८ ऑक्टोबर
बंदरात परत. सगळे जिवंत. योजना मूळ माझीच, मेहुण्याने फक्त दिशा उलटी केली. बायको धक्क्यावर उभी होती. आधी भावाला मिठी मारली. मग माझ्याकडे वळली.
‘त्याला हाक मारलीत ते बरं केलंत,’ म्हणाली. ‘नाहीतर माझं माहेर आणि सासर एकाच बोटीत बुडालं असतं.’
यावर उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

१७ ऑक्टोबर
मेहुणा कप्तान झाला. मला गोदामावर नेमलंय. माझ्या अनुभवाची जमिनीवर जास्त गरज आहे, असं कंपनीला वाटत असणार. आज बोट सुटली. निघताना त्याने अदबीने विचारलं, भाऊजी, काही सूचना?
पुष्कळ होत्या. सकाळपासून पाठ करत होतो.
म्हटलं, ‘पोचलास की ताईला फोन कर. मी जवळपासच असेन.’