आकाशातून दिसलेली आईची जागा

प्रिय विल्लेम,

देवाच्या कृपेने मी सुखरूप आहे. मांड्या तेवढ्या अजून ठणकताहेत, खुर्चीतून उठताना तोंडातून येशूचं नाव निघतं. का, ते पुढे येईलच. आपल्या नामा जमातीच्या घरात वाढलेल्या भावाने बहिणीशी समोरासमोर बोलायचं नसतं, म्हणून आजवर आपले निरोप तुझ्या बायकोच्या, सान्नाच्या तोंडून गेले. हा निरोप त्या बिचारीच्या तोंडात मावायचा नाही, म्हणून कागद घेतला. दोन्ही बाजूंनी लिहिते आहे, कोरी बाजू वाया घालवायला माझा हात धजत नाही.

आधी बातमी. तुझी बहीण विमानात बसली! हसू नकोस. सायकलवरून वाळवंट ओलांडणारी ती गोरी मंडळी तळावर उतरली होती ना, त्यांना मी रोज निखाऱ्यावरच्या भाकरी देत होते. त्यांच्यातल्या एका बाईचं पोट बिघडलं. वाळूच्या टेकड्या वरून बघण्याची तिची सफर फुकट जाणार होती, पैसे काही परत मिळणार नव्हते. ती मला, आईला म्हणावं तसं, म्हणाली, "मामा, तुम्हीच जा." मी आधी नको म्हटलं. मग विचार केला, पैसे भरलेली जागा रिकामी उडवायची हे देवाला तरी कसं आवडेल? त्या पोरसवदा वैमानिकाने मला सगळ्यांदेखत वजनकाट्यावर उभं केलं, पिठाच्या पोत्यासारखं. म्हणाला, "मामा, तुम्ही मध्ये बसा, नाहीतर विमान एका अंगाला झुकेल." मी म्हटलं, "बाळा, तू नीट चालव, माझ्या अंगाचं मी बघते." सगळे हसले. मी ठिगळांचा झगा आवळून बसले आणि मनातल्या मनात स्तोत्र सुरू केलं.

लाल टेकड्या पाहिल्या, मेलेल्या झाडांचं पांढरं तळं पाहिलं. छान आहे. पण परत येताना वैमानिकाने विमान रूइवाटरच्या झऱ्यावरून वळवलं. सकाळचं ऊन तिरपं होतं. विल्लेम, मी खाली पाहिलं आणि माझं स्तोत्र अर्ध्यावर तुटलं.

तुला आठवतं ना, शाळेच्या हॉलमध्ये जमीन मंडळाची बैठक होती? त्या अतिथीगृहाच्या मालकाला झऱ्याभोवती कुंपण हवं आहे. मी अर्ज केला होता की तिथे आपल्या आईचं घर होतं, तिथेच तिला पुरलंय, म्हणून आपल्या माणसांच्या शेळ्यांना ते पाणी राहू द्या. तेव्हा तू उठलास. नवा सदरा होता अंगात. म्हणालास, "आमचं घर तिथे कधीच नव्हतं, पलीकडच्या खोऱ्यात होतं. माझ्या थोरल्या बहिणीची शपथ." थोरल्या बहिणीची शपथ घेतल्यावर आपल्यात कुणी पुढे साक्ष मागत नाही. मी मागच्या बाकावर होते. मला लहानपणीच मिशनच्या वसतिगृहात धाडलेलं, तिथूनच लग्न होऊन गेले, मला खोरी काय आठवणार? तिथे चालत गेलं तर नुसते धोंडे आणि वाळू. आणि भाऊ बहिणीच्या नावाने खोटं बोलेल, हे आपल्यात कुणाच्या डोक्यात तरी येतं का? मी मान खाली घातली आणि माझा अर्ज माझ्याच हाताने मागे घेतला. त्या रात्री मी देवाची क्षमासुद्धा मागितली, की मी भावावर संशय घेतला.

वरून सगळं दिसतं रे. चटयांच्या घरांच्या पायाचे दगड, गोल गोल, तव्यावर भाकरी मांडाव्यात तसे. शेळ्यांच्या वाड्याचं मोठं कडं. बाजूला उंचवटा, आईचा. आणि अर्धी कडी तुटलेली. तिथून गाडीच्या चाकांचे माग निघाले होते, परत परत तेच, थेट अतिथीगृहाच्या मागच्या अंगणापर्यंत. आपली जमीन चाकोरी विसरत नाही, हे तू मला सांगावंस का मी तुला? त्या अंगणाची नवी भिंत दगडी आहे. पाहुणे तिला टेकून संध्याकाळची दारू पितात. आपल्या भागात तसल्या रुंद चाकांची गाडी एकाकडेच आहे, आणि ती त्याला त्या मालकाने दिली आहे. म्हणजे घर कुठे होतं हे तुला माहीत होतं. दगड न् दगड माहीत होता.

विमान उतरलं. बाई विचारायला लागली, "मामा, कसं वाटलं?" मी म्हटलं, "डोळे उघडले."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी आमच्या ह्यांची जुनी सायकल काढली. तुझ्या गुरांच्या चौकीकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा चालक तुझा मित्र, म्हणून सायकल. रस्ता कसा आहे तुला ठाऊक आहे, पन्हाळी पत्र्यावरून चालवावी तशी, दात खिळखिळे होतात. मध्ये मध्ये वाळू, चाक रुतलं की उतरायचं, ढकलायचं. पूर्वेचा वारा तोंडावर, जणू चुलीचं दार उघडं. काट्याने मागचं चाक बसलं तेव्हा टायरमध्ये सुकं गवत कोंबलं आणि पुढे निघाले. तेच गोरे सायकलवाले मागून आले. "मामा, शाब्बास! कुठे निघालात?" म्हणून ओरडले. "भावाकडे!" मी म्हटलं. त्यांनी पाणी दिलं. एक जण तर म्हणाला, भाऊ नशीबवान आहे. दर चढाला मी आईला हाक मारली नाही, देवालाही नाही. तुझंच नाव घेत पेडल मारलं.

चौकीवर म्हातारा ओम गर्ट, सगळ्यांचा काका, तुझा कळप राखत बसला होता. म्हणाला, "हेंड्रिना, या उन्हात? कोण मेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. विल्लेमने माझ्या नावाने खोटी शपथ खाल्ली. रीतीप्रमाणे मी त्याचं जनावर न्यायला आलेय." म्हाताऱ्याने पाईप तोंडातून काढला. उठला, वाड्याची तार स्वतः उचलली आणि म्हणाला, "तो घे. तो तपकिरी डोक्याचा. त्याच्यावर विल्लेमचा जीव आहे." माल्टाहोहे गावच्या जनावरांच्या प्रदर्शनात फीत मिळवलेला तुझा बोकड! त्याला सायकलला बांधून मी चालत परत निघाले. मुद्दाम वस्तीच्या मधल्या रस्त्याने. बायका दारात आल्या. कुणी विचारलं नाही कुणाचा, का. थोरली बहीण भावाचा सर्वांत उमदा प्राणी दोरीला धरून नेते, याचा अर्थ आपल्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतो. मंडळात बसणारे आपले वडीलधारे येरेमियास तर उभे राहिले, टोपी काढली.

तर हे पत्र तुला जेवणाचं आमंत्रण आहे. येत्या रविवारी प्रार्थना झाली की रूइवाटरला, आईच्या उंचवट्याजवळ, तो बोकड शिजेल. येरेमियास येणार आहेत, मंडळाचे बाकीचेही येणार आहेत, कुंपणाचा निकाल त्यांनी सोमवारपर्यंत थांबवला आहे. तुझ्यासाठी पुढची जागा ठेवली आहे. ये, त्याचं मांस खा, आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने शपथ परत घे, कुणाचं घर तिथे होतं ते सांग. मग भिंतीतले दगड तू एकट्याने उपसून जागच्या जागी आणायचेस, त्याच गाडीतून. नाही आलास तरी जेवण होईलच, तुझा वाटा कुत्र्यांना. आणि त्याच्या पुढच्या रविवारी मी तुझी ती गाभण लाल गाय न्यायला येईन. ओम गर्टला तार उचलून ठेवायला सांगितली आहे.

तुझीच थोरली बहीण,
हेंड्रिना