शूर पेशींवरची माझी कविता

२ डिसेंबर, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. माझ्या बायकोच्या, द्रागनाच्या कॅन्सरवरचं नवं औषध म्हणजे काव्यच आहे. डॉक्टर पेत्कोव्हाबाईंनी समजावलं : रक्तातली मारेकरी पेशी दारोदार फिरते, ओळख तपासते. आतला बिघडलेला दिसला की भिंतीला भोक पाडून विष सोडते. तो गुपचूप मरतो, ही पुढच्या दाराशी. कॅन्सर या शिपायाचा हात धरून ठेवतो. औषध तो सोडवतं. जन्मभर शाळेत कविता शिकवली, असा नायक भेटला नव्हता. संकल्प : सहा तारखेला, संत निकोलाच्या दिवशी, म्हणजे माझ्या नावाच्या सणाला, पाहुण्यांसमोर यावर स्वतःची कविता म्हणायची.

३ डिसेंबर
द्रागनाचं पोट बिघडलंय. जुलाब झाले तर लगेच फोन करा, असं बाईंनी बजावलं होतं. पण काल ती, हिवाळ्यासाठी मिठात कोबी मुरवलेल्या नव्या पिंपातलं आंबट पाणी प्यायली. पहिल्या पाण्यानं अर्ध्या गावाचं पोट बिघडतं. फोनची गरज नाही. दोन कडवी झाली.

४ डिसेंबर, दुपार
पोट तसंच. पिंप मी स्वतः भरलेलं, तरी दोष त्यालाच दिला. हा माझा मोठेपणा. द्रागना म्हणाली, "मास्तर, करू का फोन?" म्हटलं, उगाच बाईंना त्रास. "त्रास बाईंना, की तुमच्या कवितेला?" सणाला आमच्यात आमंत्रण नसतं, येणारा येतोच. दार बंद दिसलं तर लोक काय म्हणतील? फोन सात तारखेला. नक्की.

५ डिसेंबर
सणासाठी कार्प मासा आणला. तिनं बसूनच साफ केला, मध्ये मध्ये उठून जात. "हा सुटला एकदाचा," माशाकडे बघून म्हणाली. पेशी जोरात लढत असतील, म्हणून होत असेल. लहानपणी बाकावर उभं राहून म्हटलेली कविता आठवली. सगळा वर्ग स्तब्ध झाला होता. निदान मला तसं आठवतं. तिसरं कडवं अडलंय.

६ डिसेंबर, संध्याकाळ
घर भरलं. दुसऱ्या कडव्यात शेजारच्या गेन्चोनं मध्येच विचारलं, "मास्तर, वहिनी कुठायत?" न्हाणीघरात जमिनीवर बसली होती. उठवेना. गाडी गेन्चोनंच काढली.

७ डिसेंबर, हॉस्पिटल
मोकळे सुटलेले शिपाई आतड्याच्या निरोगी घरांतही घुसले, असं बाई म्हणाल्या. वेळेवर कळवलं असतं तर थोडक्यात आवरलं असतं. आता शिपायांना झोपवणारं औषध, भरपूर. कॅन्सरचं बंद. पुन्हा कधी, सांगता येत नाही.
का कळवलं नाही, बाईंनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधीच द्रागना बोलली, "मीच लपवलं. यांना काही माहीत नव्हतं." बाई तिला रागावल्या. ती पडल्या पडल्या ऐकून घेत होती. मी खिडकीपाशी उभा होतो.
संकल्प : उद्या बाईंना खरं सांगायचं.

८ डिसेंबर
बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या. एकट्याच होत्या. थांबल्या. "आजोबा, काही सांगायचंय का?"
मी विचारलं, कँटीन किती वाजता उघडतं.
त्यांनी सांगितलं.