वसूचे न पाठवलेले काम

१० ऑक्टो. १९९७, शुक्र. खंडेनवमी
आले : झेंडू दीड किलो २७ रु., आपट्याच्या डहाळ्या ५ रु., फोनची लांब वायर ३५ रु. (वसूने आणली). शिवाय तिच्या ऑफिसचे मांडीवर घ्यायचे कॉम्प्युटर. किंमत विचारली. म्हणाली, "नको आई, तुला झोप लागणार नाही."

आठ दिवस कोलशेतच्या खाडीकाठी ते घेऊन हिंडते आहे. मानपाड्याच्या ऑफिसशी ते बिनतारी जोडलेले, पण खाडीकाठी लाइन सारखी तुटते, म्हणूनच मुद्दाम तिथे जाते. तुटली तरी काम अडू नये, फायली मशीनमध्येच राहाव्यात, लाइन मिळाली की ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर चढाव्यात, असा प्रोग्रॅम लिहिते. म्हटले, म्हणजे माझी कच्ची वही नि पक्की वही. "बरोब्बर. पण कच्ची इथे असताना तिकडे पक्कीत कुणी तेच पान बदललं तर?" मग? "मग मशीनने आपल्या मनाने काही पुसायचं नाही. दोन्ही समोर ठेवून माणसाला विचारायचं." हा नियम तिचा.

यांच्या पाने-पक्कडीशेजारी मशीन पुजले. हळदकुंकू, फूल. पाणी नाही, ही तिची अट. संध्याकाळी मशीनला फोनची वायर लावून आठ दिवसांचे काम ऑफिसात पाठवायला बसली. मी उठवले. पुजलेल्या हत्याराला उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. "आई, पाच मिनिटं गं." नाही म्हणजे नाही. हसली. बरं, उद्या.

११ ऑक्टो. दसरा
पहाटे हुडहुडी भरून ताप, १०३. सोने वाटले नाही. उत्तरपूजा राहिली.

१४ ऑक्टो.
हॉस्पिटल. मलेरिया, मेंदूत गेलेला. जप चालू आहे. दुपारी मला बाई म्हणाली. ओळख

१७ ऑक्टो.
वसू गेली. सकाळी ९-१०.

३१ ऑक्टो.
तेरावे परवा झाले. दिवाळी आहे. शेजारणींनी फराळ आणून दिला, झाकून ठेवला आहे.

वसूबरोबर काम करणारा अजित मशीन न्यायला आला. गिऱ्हाइकाला काम दाखवायची तारीख ठरलेली होती, वसूचे पोचले नव्हते, म्हणून त्याने त्याच फायली बसून नव्याने लिहिल्या. आता मशीन जोडले की दोन्ही प्रती समोरासमोर येणार आणि कुठली ठेवायची ते विचारणार. साहेब म्हणतात नवी ठेवा, तिची पुसा. आणि म्हणतात, आठ दिवसांचे काम घरी ठेवून बसली, हा निष्काळजीपणा.

"काकू, मला पटत नाही. लाइन मिळाली की ती आधी पाठवायची. शेवटच्या दिवशी घरी फोन असताना का नाही पाठवलं?"

हे समोर बसलेले. मी चहा टाकायला उठले. साखर दोनदा पडली. झाकणावर कुंकू होते, त्याने पुसले नाही, तसेच पिशवीत घातले. सोमवारी जोडणार आहेत. मी त्याचा पत्ता मागून घेतला.

१ नोव्हें., शनि.
हे सकाळपासून तेच. "आपली वसू अशी नव्हती." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सांगणार होते. कणीक मळत राहिले. जपाला बसले, मणी पुढे सरेना. देवापुढे काय सांगायचे, त्याच्याच नावावर मी

अजितला पत्र टाकले. जलद टपालाने, सोमवारी पोचेल असे पोस्टातले म्हणाले. नक्कल :

चि. अजितला अ. आ. त्या दिवशी वसू वायर लावून पाठवायलाच बसली होती. खंडेनवमी म्हणून मी तिला उठवले. निष्काळजीपणा तिचा नाही, माझा आहे. साहेबांना माझे नाव घेऊन सांग. तुझे लिहिलेले टाक असे म्हणत नाही, तेही कष्टाचेच. पण मशीन विचारील तेव्हा बटण तू दाबणार. त्याआधी तिचे एकदा उघडून पुरते वाच. मग काय ठेवलेस ते, काहीही असो, मला लिही. फोन करू नकोस, फोन हे उचलतात आणि त्यांना मी अजून सांगितलेले नाही. पाकीट माझ्या नावाने घाल. उलट टपाली कळव.